अर्ध्या पट्ट्यावर उभी

मी एक जुनी मोटार आहे. जुनी खुशाल म्हणा, भंगार म्हणू नका. ते मी ऐकून घेणार नाही.

त्या दुपारी शेडमध्ये माझं बॉनेट उघडं होतं. मालक लोखंडी स्टुलावर बसले होते आणि त्यांची मुलगी माझ्या पुढच्या चाकाजवळ वाकली होती. मित्रांनो, माझ्या इंजिनात दोन टायमिंग बेल्ट आहेत, दोन बाजूंना एकेक. रबराचे हे दातेरी पट्टे आतल्या सगळ्या भागांना एका तालात फिरवतात. ताल चुकला, की ते एकमेकांवर आदळतात आणि इंजिन संपतं. म्हणून पट्टा बदलताना सगळं जागच्या जागी धरून ठेवायला खास अवजारं लागतात. मालकांकडे ती नव्हती, पण त्यांची एक रीत होती. मुलीनं लांब पान्यानं इंजिन हळूहळू हातानं फिरवायचं आणि त्यांनी पट्ट्याच्या मधोमध पातं धरायचं. पट्टा लांबीत चिरला जाई. बाहेरचा अर्धा भाग काढला, तरी आतला अर्धा सगळं धरून ठेवी. मग त्याच्या शेजारी नवा पट्टा चढवायचा आणि तो नीट बसला, की उरलेला जुना कापायचा.

“उलटं फिरवू नकोस,” ते म्हणाले. “ही रुसली तर तुझ्या आईपेक्षा अवघड आहे.”

“सांगू आईला?”

“सांग की. तिला माहीत आहे.”

एका बाजूचा पट्टा त्यांनी पुरा बसवला. दुसऱ्या बाजूचा चिरून अर्धा काढला आणि उरलेलं उद्या, म्हणून हात पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत.

मी तशीच उभी राहिले. माझ्या टपावर धूळ बसली, सीटवर मांजर झोपू लागलं. या मुलीला मी शाळेत सोडलं आहे, नोकरीच्या पहिल्या दिवशी दारात उतरवलं आहे. चढावर नव्या कोऱ्या गाड्या धापा टाकत थांबायच्या, तेव्हा मी त्यांच्या शेजारून गेले आहे. लोक वळून बघायचे. आता जो येई तो माझ्या उघड्या इंजिनाकडे बघून च्च च्च करी. मला त्यांच्या दयेचा संताप येई.

मग काकांनी, मालकांच्या धाकट्या भावानं, शेड मोकळी करायचं ठरवलं. मला भंगारवाल्याकडे चालवतच नेऊ, असं म्हणत ते आत बसले आणि त्यांनी किल्ली लावली. मुलगी कणकेच्या हातांनी धावत आली आणि खिडकीतून हात घालून तिनं किल्ली ओढून काढली.

“अर्ध्या पट्ट्यावर चालू केलीत तर जागच्या जागी मोडेल, काका.”

“भंगारातच जायची आहे ना? मग धड काय आणि मोडकी काय.”

“जाणार नाही.”

काका जरा नरमले, पण बेतावरून हटले नाहीत. अवजारं नसताना असल्या कामात हात घालणं दादालाच जमायचं, पोरी, असं म्हणाले, आणि गाडी ओढून न्यायची आहे एवढंच भंगारवाल्याला सांगून आले.

त्याच संध्याकाळी तिनं नवा पट्टा हातात घेतला. जुन्या अर्ध्याशेजारी तो चढवताना तिची बोटं सोलवटली. जुना कापायची वेळ आली, तेव्हा पातं धरून ती बराच वेळ नुसती बसली. इंजिन फिरवायला दुसरं माणूस नव्हतं. आई कधी आत आली ते मलाही कळलं नाही. तिनं पदर खोचला, पाना उचलला आणि कुठल्या बाजूनं फिरवायचं एवढंच विचारलं.

जुना पट्टा सुटून खाली पडला. नव्यानं मला धरलं. मुलीनं तो दोन बोटांत पिळून पाहिला. पाव वळसाच फिरला पाहिजे, तेवढाही फिरेना. इतका ताण बरा नव्हे. तिनं ताण देणारं चाक सैल केलं, पुन्हा पिळलं, पुन्हा सैल केलं. मग आईनं माझं इंजिन हातानं दोन पूर्ण फेरे फिरवलं. आत कुठे काही अडलं नाही.

मित्रांनो, आम्हा जुन्यांना पुसून, सजवून कोपऱ्यात ठेवू नका. आमची झाकणं उघडा, हात काळे करा. आम्हाला वापरा. आम्ही काम करायला जन्मलो आहोत आणि अजून दमलेलो नाही.

भंगारवाला काकांबरोबर आला, तेव्हा मी शेडच्या बाहेर सुरू होते, एका लयीत. तो जुना ओळखीचा होता, मालकांच्या हातची कामं त्यानं पाहिली होती. त्यानं बॉनेटला कान लावला आणि हसला.

“साहेबांनी पुन्हा उभी केली म्हणायची हिला. आहेत कुठे ते?”

काकांनी घसा खाकरला. त्यांना बोलू न देता मुलगी पुढे झाली. इतक्या दिवसांत भेटायला आलेल्या कुणापुढेही तिनं तो शब्द उच्चारला नव्हता. आईच सांगायची आणि ही आत निघून जायची.

“बाबा वारले,” ती म्हणाली. “ही मी उभी केली.”