उताराचं घर

चंपतरावांची गाडी उतार लागल्याशिवाय सुरू होत नसे, आणि नागपूर पडलं सपाट. एवढ्या एका कारणापायी त्यांच्या बायकोची, देवकीची, अठरा वर्षं तेलंखेडीच्या उतारावरच्या दोन खोल्यांत गेली होती.

गाडी म्हणजे कुण्या साहेबानं विलायतेला जाताना मागे टाकलेली आणि पुढे चार हात फिरलेली एक डबी. चार जणांना अक्कल होती, त्यांनी ती विकली. हे सरकारी हेडक्लार्क, यांनी घेतली. दारं दोन, त्यातलं एकच उघडायचं. इंजिन सुरू करायला पुढचं हॅंडल फिरवावं तर मनगटाला असा झटका बसे की आठवडाभर शेक घ्यावा लागे. म्हणून रात्री ती उतारावर उभी करायची, चाकाखाली दगड लावायचे आणि सकाळी दगड काढून सोडून द्यायची. खालच्या वळणापर्यंत घरंगळत गेली की ती खोकत खोकत सुरू होई, आणि चंपतराव रोज असे खूश होत, जणू पोरगं मॅट्रिक झालं. देवकीला टायफॉइड झाला तेव्हा त्यांनी एक दिवस रजा काढली होती. कार्बुरेटर उघडला तेव्हा पाच दिवस.

घर बदलायचा विषय निघाला की नवं घर पाहायला ते आनंदानं येत. तिथे पोचल्यावर मात्र खोल्या, नळ, अंगण काही पाहत नसत. खिशातून एक सुपारी काढून घरासमोरच्या रस्त्यावर ठेवत आणि उकिडवे बसून तिच्याकडे टक लावत. सुपारी घरंगळली नाही की घर नापसंत. धंतोलीतलं चांगलं तीन खोल्यांचं घर असंच हातचं गेलं.

मग अठ्ठ्याहत्तर सालच्या एप्रिलात गृहनिर्माण सोसायटीनं, अकरा वर्षं यादीत ताटकळत ठेवल्यावर, हिंगणा रोडच्या लेआउटमधला एक प्लॉट त्यांच्या नावावर काढला. संमतीपत्रावर सही करून शुक्रवारी पाचच्या आत बर्डीच्या कचेरीत द्यायचं, नाहीतर प्लॉट यादीतल्या पुढच्या नावाला. चंपतराव म्हणाले, पाहिल्याशिवाय सही नाही. आणि पाहायला निघाले तेही शुक्रवारीच, दुपारी अडीचला.

लेआउट परातीसारखा सपाट होता. देवकीला तो पाहताक्षणी आवडला. चुन्याच्या रेघांच्या आत उभं राहून तिनं स्वयंपाकघर पूर्वेला टाकलं, मागे लिंबाचं झाड लावलं, धुणं वाळत घालायची तारसुद्धा बांधून टाकली. चंपतरावांनी इंजिन चालूच ठेवलं आणि रस्त्यावर सुपारी ठेवली. ती जागची हलली नाही. त्यांनी ती उचलून दहा पावलं पुढे ठेवली. तिथेही तेच.

"जमत नाही वं," ते उठत म्हणाले. "इथं ते सुरू कशी होईन?"

"घरात मानसं राहतेत. गाडी नाही राहत."

"तुले काय समजते तिचं? इथं आनून मारू का मी तिले?"

हे म्हणताना त्यांचा गळा खरोखर दाटून आला. देवकीला हसू यायला हवं होतं, पण आली ती चीड. तिच्यासाठी हा गळा अठरा वर्षांत एकदाही दाटला नव्हता. तेवढ्यात गाडीनं दोन उचक्या दिल्या आणि ती बंद पडली.

आसपास चिटपाखरू नव्हतं. चंपतरावांनी हॅंडल मारलं, झटका खाल्ला, मनगट चोळलं आणि मग मवाळ आवाजात म्हणाले, "धक्का मार वं जरासा."

देवकीनं पिशवीतून संमतीपत्र काढून बॉनेटवर ठेवलं. "आधी सही."

"हे काय वागनं झालं?"

"मंग राहू द्या. मी मोठ्या रस्त्यावरून शहराची बस पकडतो. तुमी राहा तिच्यापाशी."

चंपतरावांनी माळाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. तिला इथं उघड्यावर अडकून पडलेली पाहणं त्यांना सोसवेना. त्यांनी पेन काढून सही केली, हेडक्लार्कची ठसठशीत सही, खाली तारखेसकट.

देवकीनं कागद पोलक्यात खोचला, पदर कमरेला बांधला आणि कबूल केल्याप्रमाणे धक्का मारला. इंजिन अजून तापलेलं होतं, वीस पावलांवर लागलं. अशा वेळी चंपतराव गाडी थांबवत नसत. थांबवली की बंद पडायची भीती. मागून देवकीनं धावत यायचं आणि चालत्या गाडीत चढायचं, असा त्या घरचा रिवाज. आज चव्वेचाळीस वर्षांची देवकी धावली नाही. चंपतराव वळसा घालून तिच्या बाजूनं गेले.

"चढ नं वं," ते खिडकीतून ओरडले.

देवकी मोठ्या रस्त्याकडे चालू लागली. दुसऱ्या वळशाला त्यांनी विनवून पाहिलं. तिसऱ्याला ते चिडले आणि चिडण्याच्या भरात गिअर चुकले. मागे गाडी खोकली आणि गप्प झाली. देवकीनं वळून पाहिलं नाही. तिला बरं वाटलं, फार बरं वाटलं.

बर्डीच्या कचेरीत ती पावणेपाचला पोचली. कारकुनानं सही तपासली, शिक्का मारला आणि विचारलं, "साहेब नाही आले? प्लॉट पसंत पडला नं त्याईले?"

"पडला तर," देवकी म्हणाली. "तिथून निघूनच नाही राहिले."