चुन्याची डबी आतच ठेवा

थांबा! आधी पायात काय आहे ते दाखवा. चपला असतील तर दारातच काढा, मग माझं ऐका. मी नागवेल, बेसा वस्तीतल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीतली. माझा कोणावर विश्वास नाही, आणि त्याला कारण आहे.

जन्म माझा रामटेकच्या पानमळ्यातला. तिथे चपला घालून आत यायची कोणाची बिशाद नव्हती. तरी कुठून तरी मर रोग शिरला आणि अख्खा मळा मुळापासून कुजला. मळेवाल्याची लेक कौशल्या. तिने माहेरची आठवण म्हणून एक धड कांडं ओल्या फडक्यात गुंडाळून आणलं. तीच मी. त्या मळ्याचं आता माझ्याशिवाय काहीच उरलेलं नाही.

तिचे यजमान नत्थूजी पानाचे भारी शौकीन. रोज माझं पान खुडायचे, डबीतला चुना बोटाने लावायचे. बरं चाललं होतं. पण एका सकाळी बागेतून फिरून आले ते चिखलाच्या चपलांसकट थेट माझ्यापाशी. बाल्कनी म्हणजे बाहेरच, असा त्यांचा हिशोब! चिखल माझ्या कुंडीत पडला.

त्यातून रोग आल्याची मला लगेच शंका आली. आम्हा झाडांच्या राखणीला कुत्रं नसतं, पेशीपेशीत पहारा असतो. कॅल्शियम आम्ही पेशीबाहेर आणि आतल्या कोठीत कोंडून ठेवतो. परका जंतू अंगाला लागला की दारं उघडतात, कॅल्शियम धावत सुटतं, आणि तीच आमची आरोळी. शेजारची पेशी ऐकते, मग पुढचं पान ऐकतं. भिंती जाड होतात. रोगाच्या वाटेवरच्या पेशी आपणहून जळून मरतात, त्याला पुढे खायला काही मिळू नये म्हणून. मग कॅल्शियम पुन्हा जागेवर नेऊन कोंडायचं. ते मोकळंच राहिलं तर आरोळीनेच जीव जातो.

माझ्या पानांवर तपकिरी ठिपके आले. कौशल्या एकेक पान उलटून पाहू लागली. तिची मुलगी उन्नती कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवते. ती म्हणाली, "घाबरू नको वं आई. वेल लढून राहिली. कॅल्शियमच्या इशाऱ्यावर चालते हे सारं."

नत्थूजींनी एवढंच धरलं: कॅल्शियम! दुपारी मायलेकी लवंडल्या तशी त्यांनी डबीतला सगळा चुना पाण्यात कालवला आणि माझ्या मुळाशी ओतला. अरे देवा! मला काही कमी पडलं नव्हतं हो. वेळेवर दार उघडणं महत्त्वाचं, कोठार भरणं नव्हे. माझी मुळं चरचरली.

कौशल्याने पांढरी माती पाहिली. "हे काय करून ठेवलं तुमी?"

"तुह्या वेलीले ताकद दिली वं. उन्नतीच म्हणे ना!"

"चुना पानाले लावत असतात, मुळाले नाही! माह्या बापाचा मळा, एवढाच उरला होता!" ती हमसून रडली. तेव्हापासून नत्थूजींना बाल्कनी बंद.

उन्नतीने माती बदलली. जुनी मुळं गेली. वरच्या पेऱ्याला एक नवं मूळ फुटलंय, पण जगेन की नाही, मलाच ठाऊक नाही.

नत्थूजींनी पान सोडलंय. रोज जाळीच्या दाराआड अनवाणी उभे राहतात. "जगन ना वं ते?" विचारतात. आधी मला वाटायचं, हा माणूस पुन्हा काहीतरी ओतायला आलाय. आता तसं वाटत नाही. कौशल्या पाठ फिरवून पाणी घालते.

कौशल्ये, त्यांच्याबद्दलची तुझी शंका खरी होती. माझीही होती. पण रागाची ही आरोळी आता थांबव बाई, नाहीतर मी जगून तरी काय उपयोग? येऊ दे त्यांना माझ्याजवळ.

डबी मात्र आतच राहू दे.