तिसरं पेडल

मित्रांनो, शेवटी माझी ताकद वाढवली आणि मी जवळा बाजार गावातली सगळ्यात जोरदार गाडी झाले. असो. तसं काही झालंच नाही असं धरून मी पहिल्यापासून सांगते.

मी एक जुनी ऑटोमॅटिक गाडी आहे. मला क्लच नव्हता, म्हणजे चालवणाऱ्याच्या डाव्या पायाला कामच नव्हतं. गिअर माझे मीच बदलायचे. १९९७ साली पुण्याच्या एका साहेबांना नकोशी झाले आणि भीमराज सरांकडे आले. सरांचा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेलेला. तोवर त्यांच्या पत्नी करुणाबाई त्यांना सायकलवर मागं बसवून शाळेत सोडायच्या. पहिल्या दिवशी सरांनी काठी मागच्या सीटवर टाकली आणि म्हणाले, "बस करुणा. आता मी सोडतो तुला, कुठं जायचं ते सांग." करुणाबाईंना कुठंच जायचं नव्हतं. तरी त्या औंढ्यापर्यंत जाऊन आल्या.

बाजाराच्या दिवशी लोक माझ्या खिडकीतून आत डोकावायचे.

"सर, डावा पाय काय करून राहिला?"

"सुट्टीवर हाय," सर म्हणायचे.

पुढं त्यांच्या मुलीचं, सपनाचं लग्न कळमनुरीला होतं. नवरी माझ्यात, वऱ्हाड शेजारच्या तातेरावांच्या ट्रॅक्टरमध्ये. चढावर ट्रॅक्टर आमच्या पुढं गेला. तातेराव वरून ओरडले, "सर, दोरी बांधू का?" आम्ही पोचलो तेव्हा वऱ्हाडाची पहिली पंगत उठली होती.

सरांच्या मुलाला, सुरजला हे फार लागलं. "बाबा, हिची ताकद वाढवू."

"काहून? हळू चालती, पण माझं ऐकती की."

"लोक हसून राहिलेत, बाबा!"

महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. अखेर मला कनेरगाव नाक्यावर धर्मसिंग मिस्त्रीकडे नेलं. तो म्हणाला, "जीपचं इंजिन बसवू. त्याच्यासंगं गिअरबॉक्स येईल, क्लच येईल."

"येऊ द्या," सुरज म्हणाला, पाहुणा येणार असल्यासारखा. करुणाबाईही म्हणाल्या, येऊ द्या. सरांनीही मान हलवली. मित्रांनो, तो पाय इतकी वर्षं सुट्टीवर होता की सगळे त्याला विसरले होते. सरसुद्धा.

सुरजनं चालवत आणलं, मी गुरगुरत घरी आले. सरांनी नेहमीसारखी काठी मागं टाकली, आत बसले आणि खाली पाहिलं. तीन पेडलं.

"बाबा..." सुरज म्हणाला.

"ताकद लय वाढली रे," सर म्हणाले, आणि काठी मागायला हात मागं केला.

सुरज आता नोकरीला पुण्यात असतो. माझ्या सीटवर कोंबडी अंडी घालते. सकाळी करुणाबाई सायकल काढतात, सर मागं बसतात. माझ्याजवळून जाताना दोघंही दुसरीकडे बघतात.

सबब, हे ज्या कार्यालयाच्या अखत्यारीत येत असेल त्यास नम्र विनंती, की श्री. भीमराज सर यांच्या डाव्या पायाची प्रदीर्घ सुट्टी रद्द करून त्यास तात्काळ कामावर रुजू होण्याचे आदेश व्हावेत.