एकेचाळीस नंबरचा शर्ट

प्रमोद बायकोला, मीनलला, एकाएकी "तुम्ही" म्हणायला लागला.

"तुम्ही चहा घेणार का?" त्याने विचारलं, अगदी अदबीने. पंचवीस वर्षांच्या संसारात या माणसाने तिला कधी अहो-जाहो केलं नव्हतं, भांडतानासुद्धा नाही. आधी तिला थट्टा वाटली. मग आठवड्यात चारदा तेच झालं. एकदा तर जिन्यात समोर आली, तर "माफ करा हं" म्हणून अंग चोरून उभा राहिला. परक्या बाईशी वागावं तसा तो तिच्याशी वागत होता.

ब्रिस्टलमध्ये अमेरिकन फुटबॉल खेळणारे मूठभर, पण त्या मूठभरांत प्रमोदचं नाव मोठं. तो रनिंग बॅक होता. म्हणजे चेंडू काखेत मारायचा, मान खाली घालायची आणि समोरच्या धिप्पाड गड्यांच्या घोळक्यात डोकं खुपसायचं. आठवडाभर विमानांच्या कारखान्यात इंजिनियर आणि रविवारी हा उद्योग, अकरा सीझन. पडून उठल्यावर कधी कधी भलत्याच दिशेला चालू लागायचा. लोक हसायचे, तोही हसायचा, आणि खरं सांगायचं तर मीनलही हसली होती. त्याचा विक्रम अजून क्लबच्या भिंतीवर आहे. त्याच्यानंतर एकेचाळीस नंबरचा शर्ट कुणालाही दिला नव्हता. आता, दोन हजार सातच्या एप्रिलमध्ये, तो एकवीस वर्षांच्या कबीरला मिळणार होता. बापाचीच जागा, येत्या रविवारपासून.

मीनलला लेकाला थांबवायचं होतं. दुसरं काही नको होतं तिला.

डोक्याला बसलेल्या माराचाच हा परिणाम, असं डॉक्टरांनी सांगितलं तर कबीर ऐकेल, म्हणून तिने प्रमोदला जीपीकडे, नेहमीच्या डॉक्टरांकडे, नेलं. महिना कोणता, वार कोणता, शंभरातून सात-सात वजा करा. इंजिनियरच तो, धडाधड उत्तरं दिली.

"डॉक्टर, ही कॉल्स मी 'तुम्ही'," मीनल काकुळतीने म्हणाली.

"अँड व्हॉट डज दॅट मीन?"

"यू."

डॉक्टरांनी तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि ताणतणावावरचं एक पत्रक तिच्याच हातात दिलं.

"आई, डॉक्टर सेड ही इज फाइन," कबीर म्हणाला. "बाबा पोलाइट झाला, दॅट्स ऑल."

ज्या पोराने आजोबांनाही "तू कसा आहे" विचारलं, त्याला यातलं काय कप्पाळ कळणार! "हात जोडते तुझ्यापुढे, हा एक सीझन सोड," ती म्हणाली.

"तो शर्ट बाबाची आहे, मम. त्याच्यासाठी करतोय मी."

शनिवारी तिने त्याचं हेल्मेट लपवलं. त्याने क्लबचं घेतलं.

रविवारी मैदानाच्या कडेला प्रमोदचा सत्कार झाला. तो छान हसला, "थँक यू" म्हणाला आणि मीनलशेजारी खुर्चीत बसला. खेळ सुरू झाला. कबीरने चेंडू घेतला, मान खाली घातली आणि घोळक्यात घुसला. ढिगाऱ्याखालून उठायला त्याला बराच वेळ लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

प्रमोद तिच्याकडे झुकला. "पोरगं डोकं सांभाळत नाही हो. त्याच्या आईला कुणीतरी सांगायला पाहिजे."

"तिला माहीत आहे," मीनल कशीबशी म्हणाली.

"मग थांबवत का नाही ती?"

मीनल उठली आणि सरळ मैदानात चालू लागली. शिट्टी वाजली, कुणीतरी ओरडलं, ती थांबली नाही.

"अहो बाई," मागून प्रमोद काळजीने म्हणाला, "तिकडे जाऊ नका. लागेल तुम्हाला."