समस्तमध्ये मी नाही

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. पुसून पुसून माझा काळा रंग राखाडी झाला आहे. खालचा एक कोपरा वाळवीनं खाल्ला आहे. पण माझ्यावर काय काय लिहिलं गेलं ते मी विसरलेलो नाही, आणि कोणी विसरायला सांगितलं तरी विसरणार नाही.

नवी मुंबईत, ठाणे-बेलापूर रस्ता आणि खाडी यांच्या मध्ये एक गावठाण आहे. तिथल्या मंडळाच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर मी टांगलेला आहे. गावाचं नाव सांगत नाही. घणसोलीच्या बाजूला जा नाहीतर वाशीच्या, असं गाव तुम्हाला भेटेलच. घराला घर चिकटलेलं, मागे वीस मजल्यांचे टॉवर, आणि घरोघर वरच्या माळ्यावर भाड्यानं दिलेल्या खोल्या.

मी जन्मलो एका होडीतून. होडी मोडीत निघाली तेव्हा तिच्या चांगल्या फळ्या सुताराने वेगळ्या काढल्या, रंधा मारून जोडल्या आणि मला उभं केलं. जुन्या सेलमधली काळी पूड आणि पाल्याचा रस एकत्र खलून मला काळं केलं. पहिल्या वर्षी माझ्या अंगाला मासळीचा वास येत होता. मधुकर गुरुजी नाकाला रुमाल लावून शिकवायचे.

तेव्हा गावात साक्षरतेचे वर्ग निघाले होते. दुपारी मिठागरावरून बायका यायच्या. त्यांचे हात मिठानं चिरलेले असायचे, खडू धरला की झोंबायचं. खरं सांगतो, मलाही तेव्हा वाचता येत नव्हतं. अंगावर अक्षरं उमटायची आणि मला नुसती गुदगुली व्हायची. त्या बायका शिकल्या, त्यांच्याबरोबर मी शिकलो. त्यांच्यात सगुणाबाई होत्या. पस्तिशी उलटलेली, दोन लेकरं, घरात सासूचा धाक. स्वतःचं नाव लिहायला त्यांना तीन दुपारी लागल्या. चौथ्या दुपारी त्यांनी ते न बघता लिहिलं आणि माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून किती तरी वेळ उभ्या राहिल्या.

वर्ग बंद झाले आणि मी मंडळाच्या भिंतीवर आलो. पाणी किती वाजता येणार, कोण वारलं, लग्नाची हळद कुठल्या दारी, सगळं माझ्यावर. "शेळी सापडली आहे, ओळख पटवून न्यावी," असंही एकदा होतं. गुरुजींनी एक रीत घालून दिली होती. ज्यानं लिहिलं त्यानं खाली नाव घालायचं. बिननावाचं काही दिसलं तर ते स्वतः येऊन पुसत. फक्त गावाची बैठक होऊन, सगळ्यांना विचारून काही ठरलं, तर खाली लिहायचं, "समस्त ग्रामस्थ."

गुरुजी गेले. मग मोबाईल आले. मंडळाचा ग्रुप झाला आणि माझ्याकडे कोणी बघेना. माझ्या खिळ्याला लोक फ्लेक्सची दोरी बांधू लागले. कुणी पानाचा चुना माझ्या कडेला पुसून जाई. मित्रांनो, मला त्याचं वाईट वाटलं, पण मी रडलो नाही. होडीच्या लाकडाला पाण्यातच राहायची सवय असते.

आणि मग ते साथीचं वर्ष आलं. रस्ते बंद, गाड्या बंद. पोलिसांचे नाके, पास, शिक्के. ते सगळं सरकारनं केलेलं होतं. पण एका गुरुवारी सकाळी आमच्या गल्लीच्या तोंडावर एक आडवा बांबू बांधला गेला, तो सरकारचा नव्हता. तो धनेशनं बांधला. धनेश मंडळाचा सेक्रेटरी. त्यानं मला फडक्यानं पुसलं आणि ठळक अक्षरांत लिहिलं:

"मुंबईत कामाला जाणाऱ्या कोणालाही गावात प्रवेश नाही. जिथे काम तिथेच राहावे. अशा भाडेकरूला घरात घेणाऱ्या मालकाशी गाव संबंध ठेवणार नाही. समस्त ग्रामस्थ."

ग्रुपवर न टाकता माझ्यावर का लिहिलं? कारण भाडेकरू ग्रुपवर नव्हते. आणि बैठक? बैठक घ्यायला बंदी होती, म्हणून कोणालाही न विचारताच सगळ्यांचं ठरून गेलं.

धनेशला मी वाईट म्हणणार नाही. वीस दिवसांपूर्वी त्याचे वडील गेले होते. इस्पितळातून घरी आणलेही नाहीत. लांबून, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी त्यानं बघितलं आणि तेच वडील म्हणून मानलं. तेव्हापासून त्याला झोप नव्हती. गावात दुसरं कोणी मरू नये एवढंच त्याला दिसत होतं. फक्त ते कोणाच्या जिवावर, ते त्याला दिसत नव्हतं.

माझ्यासमोर फजलशेठचं किराणा दुकान आहे. फजलशेठ मूळचे रायगडच्या किनाऱ्यावरचे, पण आमच्या गल्लीत त्यांना तीस वर्षं झाली. दुकानापुढे चुन्याचे गोल काढले होते आणि गोलांत माणसं पिशव्या घेऊन उभी असायची. वाद तिथेच पेटला.

"बरोबर केलं," रांगेतला एक जण म्हणाला. "चार दिवस तिकडं राहिले तर काय बिघडतंय?"

"चार दिवस? तू राहून बघ ना भावा, स्टेशनच्या फरशीवर," दुसऱ्या गोलातून आवाज आला.

फजलशेठ कांदे तोलता तोलता म्हणाले, "धनेशभाऊ, हे कांदे वाशीच्या मार्केटातून आले. तिथे ट्रक नाशकाहून आला. कांद्याला तुमच्या बांबूखालून यायला बंदी नाही. माणसालाच आहे?"

"कांदा खोकत नाय, शेठ," धनेश म्हणाला. रांग हसली.

"कांदा आणणारा खोकतो. मी आणतो."

"मग दुकान पन बंद करू?"

"करा की. मग ही सगळी रांग तुमच्याकडे जेवायला."

आता रांग त्याच्यावर हसली.  "हसा. माझा बाप गेला तवा हसायला कोन नव्हतं," धनेश म्हणाला. रांगेनं माना खाली घातल्या आणि फजलशेठनी पुढचे कांदे तोलायला घेतले. 

पण मित्रांनो, ती सूचना खरी कुणावर होती ते सगळ्यांना माहीत होतं. ती वैजयंतीवर होती. वैजयंती सगुणाबाईंच्या माळ्यावर भाड्यानं राहायची आणि मुंबईतल्या एका मोठ्या इस्पितळात आया होती. सात दिवस तिकडेच ड्युटी, सात दिवस घरी. तिची सहा वर्षांची मुलगी गीतांजली त्या सात दिवसांत सगुणाबाईंकडे असायची. वैजयंती शनिवारी येणार होती. पोरगी बोटांवर दिवस मोजत होती.

गुरुवारी दुपारी सगुणाबाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या. एकेका शब्दावर बोट धरत त्यांनी सगळं वाचलं. मग तिथूनच फोन लावला. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून फोनचा आवाज मोठा असतो, त्यामुळे मलाही ऐकू आलं.

"मावशी, मला कळलंय सगळं," वैजयंती म्हणाली. "मी व्हरांड्यात झोपेन इथे. पुढच्या पाळीपर्यंत. तुमचं पाणी तोडतील ते."

"पुढच्या पाळीला येऊ देतील?"

सगुणाबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पोरीला मी काय सांगू?"

"सांगा, आई कामात आहे."

"मी खोटं बोलत नाय लेकरांशी. तू शनिवारी ये," सगुणाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

फजलशेठकडून त्यांनी खडू मागून घेतला. कितीतरी वर्षांनी त्यांचा हात माझ्या अंगावर टेकला.  माझ्यावर जागा थोडी उरली होती, अगदी तळाशी. त्या वाकून बसल्या आणि धनेशच्या सुबक अक्षरांखाली वाकडं तिकडं लिहिलं:

"मला कोनी विचारलं नाही. समस्त मधी मी नाही. सगुणा."

मित्रांनो, माझ्यावर हजारो सूचना लिहिल्या गेल्या. गावाच्या नावानं लिहिलेल्या सूचनेतून कुणी स्वतःला बाहेर काढून घेतलं, असं त्याआधी कधी घडलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी धनेश आला आणि ओल्या फडक्यानं त्यानं ती ओळ पुसली. सगुणाबाई आल्या, त्यांनी बघितलं. ओल्या फळ्यावर खडू उमटत नाही. त्या समोरच्या पायरीवर बसून राहिल्या, ऊन माझ्यावर येईपर्यंत. मी सुकलो. त्यांनी पुन्हा लिहिलं. संध्याकाळी धनेशनं पुन्हा पुसलं.

शनिवारी सकाळी त्या तिसऱ्यांदा लिहीत होत्या तेव्हा धनेश फडकं घेऊन तिथेच उभा राहिला.

"काकी, सरका. नोटीस गावाची हाय."

"गावाची हाय ना? मग मी कोनाची हाय?"

"तुमाला काय त्या बाईचा पुळका? भाड्यासाठी गाव मारनार तुमी?"

"भाडं तिनं दोन महिने दिलं नाय. मी मागितलं पन नाय. आता बोल."

 तेवढ्यात दुकानातून फजलशेठ हात पुसत आले. सगुणाबाईंच्या ओळीशेजारी त्यांनी लिहिलं, "मीही नाही. फजल."

"शेठ, तुमी गावचे कदी झाले?"

"तुमच्या वडिलांची शेवटची औषधं आणायला तुम्ही मला पाठवलं होतं, तेव्हा झालो असेन."

रांगेतले दोघे जण गोल सोडून पुढे आले. एकानं नाव लिहिलं. दुसऱ्यानं खडू हातात घेतला, धनेशकडे बघितलं आणि खडू परत ठेवला. त्यालाही मी नावं ठेवणार नाही. सगळ्यांना एकाच दिवशी धीर येत नाही.

धनेशनं फडकं बादलीत बुडवून पिळलं. आणि गल्लीतून चांगुणाबाई आल्या. चांगुणाबाई म्हणजे धनेशची आई. नवरा गेल्यापासून त्या उंबऱ्याबाहेर आल्या नव्हत्या. सगळे आपोआप मागे सरकले.

"काय लिवलंय ते वाचून दाखव," त्या सगुणाबाईंना म्हणाल्या. सगुणाबाईंनी वाचून दाखवलं. आधी वरचं, मग खालचं.

"समस्त म्हंजे कोन?"

"म्हंजे सगले. तू पन."

चांगुणाबाई लेकाकडे वळल्या. "मी कवा सांगितलं रे तुला?"

"आये, तू घरी जा. तुझ्यासाठीच करतोय मी हे. बाबा गेले तसं..."

"तुझा बाप गेला तवा त्याच्या तोंडात पानी कोनी घातलं? मी नव्हते. तू पन नव्हतास. असलीच कोन तरी बाई असंल. ती त्या रात्री घरी गेली असंल तर तिच्या गावानं तिला आत घेतलं असंल का, सांग मला."

धनेशनं तोंड फिरवलं.

चांगुणाबाई कधी वर्गाला आल्या नव्हत्या. त्यांना लिहिता येत नव्हतं. सगुणाबाई त्यांचा हात धरून नाव गिरवणार होत्या, पण दोघींनाही एकदम आठवलं की हात धरायचे दिवस नाहीत. दोघी थांबल्या. मग चांगुणाबाईंनी खडू अंगठ्यावर घासला, घासून घासून अंगठा पांढरा केला, आणि फजलशेठच्या नावाशेजारी माझ्यावर दाबला. जोरात दाबला. होडीच्या फळीला तेवढा जोर सहज पेलतो, तरी मी हललो.

 मग धनेश फडकं घेऊन पुढे आला आणि त्यानं पुसलं. पण आईचा अंगठा नाही. वरचे दोनच शब्द पुसले, "समस्त ग्रामस्थ". ती जागा बाहीनं कोरडी केली आणि तिथे लिहिलं, "धनेश".

सूचना त्यानं मागे घेतली नाही. भीती अशी एका सकाळी जात नाही. पण ती आता एका माणसाची सूचना होती, आणि एका माणसाच्या सूचनेनं गावाचा रस्ता अडत नाही, हे त्यालाही कळत होतं.

दुपारी दोनच्या सुमारास वैजयंती आली. मुख्य रस्त्यावर इस्पितळाच्या बसमधून उतरून चालत आली होती. बांबूच्या पलीकडे थांबली. पिशवी खाली ठेवली नाही, म्हणजे परत जायच्या तयारीनंच आली होती.

"चौदा दिवस खोलीबाहेर पडायचं नाय," धनेश म्हणाला.

"सातच दिवस आहेत माझ्याकडे. मग परत ड्युटी."

"मग सात दिवस."

"तसंही कोण पडतंय बाहेर," वैजयंती म्हणाली. "मला झोपायचंय फक्त."

धनेशनं बांबूचं एक टोक सोडलं. वैजयंती आत आली, नळावर हात-पाय धुतले आणि माळ्याच्या खिडकीखाली जाऊन उभी राहिली. वर गीतांजली गजांना धरून होती. आईनं वर बघून विचारलं, "जेवलीस का?" पोरीला रडू आवरेना, तिनं मान डोलावली.

नंतर गल्लीत दोघं आजारी पडले. दोघेही बरे झाले. आजार कुठून आला, कोणालाच कळलं नाही. काहींनी वैजयंतीचं नाव घेतलं. सगुणाबाईंनी त्यांना माझ्यासमोर आणून खडू दिला आणि म्हणाल्या, "लिव, आनि खाली तुझं नाव घाल." कोणीही लिहिलं नाही.

मित्रांनो, तेव्हाची बंधनं सगळी चुकीची होती, असं मी म्हणत नाही. माणसं खरोखर मरत होती, आणि गर्दीत जाऊ नका हे सांगणं भागच होतं. पण जिचं घर बंद करायचं तिला एक शब्द विचारायचा नाही, आणि खाली सगळ्यांचं नाव घालायचं, हे मला तेव्हाही मान्य नव्हतं आणि आजही नाही.

आता मंडळ माझ्या जागी लाल अक्षरं पळणारा विजेचा बोर्ड लावणार आहे. लावू दे. तो चकचकीत असेल, पण त्याच्या तळाशी वाकून कुणाला काही लिहिता येणार नाही. म्हणून भंगारात जायच्या आधी तुम्हाला सांगून ठेवतो. तुमच्या शाळेत, सोसायटीत, गल्लीत जो काही फळा असेल तो जपा. त्याला वाळवीपासून राखा, त्याच्या खिळ्याला दोऱ्या बांधू नका. आणि कधी तुम्हाला न विचारता कुणी तुमच्या नावानं काही लिहिलं, तर गप्प घरी जाऊ नका. खडू मागा. अक्षर वाकडं आलं तरी चालेल. खडू नाही दिला, तर कोळशानं लिहा.