वर बघा

“सोडते,” ती म्हणाली. पण थेंब त्याआधीच सुटला होता. मी बटण दाबलं तेव्हा कॅमेऱ्यासमोर नुसती हवा होती.

“गेला?”

“गेला. मीच उशीर केला.”

“दरवेळी तुम्हीच कसा हो उशीर करता?”

मला उत्तरं सहसा दुसऱ्या दिवशी सुचतात.

आमची ही उठाठेव स्वयंपाकघरात चालते. दुपारी भांडी आवरली की मी पडदे ओढतो. टेबलावर पाण्याने भरलेलं ताट, त्याच्या मागे पेल्यात एखादं फूल, पुढे तिपाईवर कॅमेरा. वरून ड्रॉपरने थेंब सोडायचा. पडता थेंब म्हणजे इवलंसं भिंगच. मागचं फूल त्यात अख्खंच्या अख्खं दिसतं, फक्त उलटं. हे मी एका पुस्तकात वाचलं होतं. वाचनालयात नोकरी केल्यामुळे बहुतेक गोष्टी मी वाचलेल्याच आहेत. केलेल्या फार थोड्या. ही करून पाहायचा धीर झाला, तो ड्रॉपर धरायला ती होती म्हणून.

ती डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स होती. लोकांच्या डोळ्यांत थेंब घालण्यात तिचा जन्म गेला. “वर बघा. डोळे मिटू नका. झालं.” तिचं ‘झालं’ ऐकेपर्यंत थेंब पडल्याचं कळायचंसुद्धा नाही, असं लोक अजून रस्त्यात थांबवून सांगतात. सगळे तिला सिस्टर म्हणायचे, म्हणून थट्टेने मीही म्हणू लागलो. माझी आई कपाळाला हात लावायची. “अरे, बायकोला सिस्टर म्हणतोस, ऐकणाऱ्याने काय समजायचं?”

पुढे तिच्या उजव्या हाताला कंप सुटला. निवृत्तीच्या थोडं आधी तिला थेंबांच्या टेबलावरून उठवून केसपेपरच्या खिडकीवर बसवलं. कोणी वाकडं बोललं नाही. उलट सगळे फार गोड बोलले. तेच तिला लागलं. “रागावले असते तर बरं झालं असतं हो,” घरी येऊन ती म्हणाली होती.

म्हणून स्वयंपाकघरातलं हे ड्रॉपरचं काम माझ्या दृष्टीने फोटोंपेक्षा मोठं होतं. आधी जमायचं. उजव्या हाताला डाव्याचा टेकू दिला की थेंब नेमका पडायचा. पण यंदा डावाही थरथरू लागला आणि थेंब वाट्टेल तिथे, वाट्टेल तेव्हा पडू लागले.

तशात लेक आली आणि तिने टेबलावर एक खोकं ठेवलं. आत बाटली, बारीक नळी, वायरी. बटण दाबलं की थेंब ठरल्या जागी पडणार आणि त्याच वेळी फोटोही निघणार.

“बाबा, आता आईला ताटकळत उभं राहायला नको.”

“छान आहे,” सिस्टर म्हणाली. मग कपड्यांच्या घड्या घालता घालता हळूच म्हणाली, “म्हणजे मी परत खिडकीवर.”

लेकीला ते कळलं नाही. मला कळलं.

लेक गेल्यावर मी खोकं कपाटावर मागे सरकवलं आणि त्यावर जुनी उशी टाकली. लेकीने फोनवर विचारलं की “माहितीपत्रक वाचतोय” म्हणायचो. माझ्याबद्दल ते कोणालाही खरं वाटतं. इकडे रोज दुपारी ती ‘सोडते’ म्हणायची आणि मी हवेचा फोटो काढायचो.

“आज प्रकाशच बरोबर नव्हता,” एकदा मी म्हणालो.

“बिचारा प्रकाश,” ती म्हणाली.

एका दुपारी मी पुस्तकं बदलून घरी आलो, तर स्वयंपाकघराचे पडदे ओढलेले. टेबलावर ते यंत्र जोडून तयार. ती हात पुसत उभी.

“उशी धुवायला काढली, तर खोकं सापडलं. लेकीला फोन करून जोडलं.”

“मी तुला सांगणारच होतो...”

“उद्या?” ती हसली. “अहो, तुम्ही हवेचे किती फोटो काढणार? हवा तरी कंटाळेल.”

मी खाली मान घालून कॅमेरा लावला. पेल्यात फूल नव्हतं.

“फूल कुठे गेलं?”

“सुकलं. मी बसू का त्या जागी? खिडकी नको. दुसरं एखादं टेबल द्या मला.”

तिने स्टूल ओढलं आणि ताटाच्या मागे येऊन बसली. हात मांडीवर, एकात एक घट्ट अडकवलेले. फोटो काढताना ती हात असेच लपवते.

“सिस्टर,” मी म्हणालो, “ड्रॉपर धरा ना. दवाखान्यात धरायचात तसा.”

“हलेल.”

“हलू दे.”

तिने अडकवलेले हात सोडवले. मग ड्रॉपर उचलला. त्याचं टोक हवेत बारीक बारीक गोल काढत होतं. मी घाबरलो. उगाच सांगितलं असं वाटलं. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, “वर बघा.”

“वर म्हणजे कुठे? तुमच्या थेंबात वर म्हणजे खाली ना?”

“डोळे मिटू नका.”

“हे तुम्ही मला सांगताय?”

फ्लॅश लखलखला.

“झालं,” मी म्हणालो.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर थेंब होता, आणि थेंबात मसुरीएवढी सिस्टर. उलटी, डोळे उघडे, हसू फुटायच्या बेतात. मी चित्र मोठं केलं. पडतं पाणी जागच्या जागी थांबतं इतका तो फ्लॅश झटपट असतो, मग हाताचा कंप त्यात कुठून दिसणार! हे मी वाचलेलं होतं. पण त्याचा असा अर्थ होतो हे मात्र मला तोवर सुचलं नव्हतं.

तिने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“हात हललेला नाही.”

“नाही.”

“अजिबात?”

“अजिबात.”

तिने कॅमेरा उलटा धरला आणि पडदा आपोआप विझेपर्यंत बघत राहिली.

लेकीने तो फोटो मोठा करून, चौकटीत बसवून आणला. आम्ही तो उलटा लावलाय, सिस्टर सरळ दिसावी म्हणून. त्यामुळे थेंब वर निघाल्यासारखा दिसतो. घरी येणारा प्रत्येक जण सांगतो, “फोटो उलटा लागलाय.”

“लागू दे,” ती म्हणते.

रोज सकाळी ती चौकट पुसते आणि दोन्ही हातांनी धरून सरळ करते. तेवढा वेळ चौकट भिंतीवर बारीक टकटकत राहते. मग ती हात काढून घेते, आणि टकटक थांबते.