मशीनपूजेचा मान

चितेगावच्या त्या कंपनीत खंडेनवमीला प्रेस मशीनची पूजा होते आणि पूजेला बसण्याचा मान वर्षातल्या सर्वोत्कृष्ट कामगाराला मिळतो. सपत्नीक. त्या दिवशी साहेब लोक उभे असतात आणि कामगार नवराबायको पाटावर बसलेले असतात. हा प्रकार साधारण चाळीस मिनिटं चालतो. मग प्रसाद होतो आणि ज्याचं त्याचं पूर्ववत सुरू होतं.

सर्वोत्कृष्ट कोण हे ठरवण्याची कंपनीची पद्धत सोपी होती. हातातलं कसब मोजणं अवघड, सचोटी मोजायचं यंत्र अजून बाजारात आलेलं नाही. हजेरीचं यंत्र मात्र गेटवरच बसवलेलं होतं. तेव्हा खंडेनवमी ते खंडेनवमी ज्यानं एकही खाडा केला नाही, तो सर्वोत्कृष्ट. दोघं निघाले तर ज्याची नोकरी जुनी तो.

केरबाची नोकरी बावीस वर्षांची. त्याच्या प्रेसवरून उतरलेला पत्रा तपासनीस उलटूनसुद्धा बघत नसे, केरबाचा आहे म्हटल्यावर पुढं सारत असे. पण बावीस वर्षांत केरबा पाटावर बसला नव्हता. दर साली कुठंतरी एक खाडा पडायचाच. एका साली लेकीचं बाळंतपण, एका साली भावाच्या मेंढरांवर वीज पडली म्हणून रानात धावला, एका साली नुसताच ताप.

पूजेच्या दिवशी कंपनी बायकापोरांनाही बोलावते. केरबाची बायको सारजाबाई न चुकता यायची, दुसऱ्याच्या बायकोला पाटावर बसलेली बघायची आणि गावाकडं परतताना मोटारसायकलवर मागून बोलत राहायची. गेल्या साली कृष्णा आणि त्याची बायको बसले होते.

"कशी बसली व्हती बघितलं का? जशी काय मशीन तिच्या माहेराहून आली. पदर तरी धड घेतला का तिनं?"

"तुला काय करायचं?"

"मला काय करायचं? पुढल्या साली तिथं मी बसणार हाय. औंदा खाडा करायचा नाय."

"आन ताप आला तर?"

"ताप घिऊन जायचं. तिथं एसी हाय म्हणं."

"तो साहेबाला हाय. मला प्रेस हाय."

"मग प्रेससंग तापा," सारजाबाई म्हणाली आणि स्वतःच हसली.

केरबानं मनावर घेतलं. माणूस बावीस वर्षांत बायकोला काय काय देऊ शकला नाही याची यादी लांबलचक असते. त्यातलं हे एक त्याच्या हातातलं होतं. लग्नं टाळली, जत्रा टाळली. भाऊ म्हणाला, "तू आता कंपनीचा झालास." सारजाबाई रोज भल्या सकाळी डबा हातात द्यायची आणि म्हणायची, "व्हा पुढं."

श्रावणातल्या एका रविवारी पहाटे ती चुलीपुढं बसल्या जागी कलंडली. शहरातल्या दवाखान्यात नेईपर्यंत दिवस वर आला. डॉक्टर म्हणाले, पोटात सगळीकडं पसरलंय, आणायला फार उशीर केला. तिन्हीसांजेच्या आत ती गेली. रविवार सुटीचा असल्यामुळं केरबाच्या हजेरीला धक्का लागला नाही.

पुढचे तीन दिवस मात्र अडचणीचे होते. ती अडचण मनुष्यबळ विभागातल्या मेघा मॅडमनं सोडवली. पोरगी मनानं चांगली होती. केरबाचं वर्षभराचं तप तिला ठाऊक होतं, म्हणून तिनं साहेबांची सही घेऊन ते तीन दिवस 'ऑन ड्यूटी' टाकले. म्हणजे कंपनीच्या दप्तरी केरबा त्या तीन दिवसांत कंपनीच्या कामानं बाहेर गेला होता. सावडायला.

खंडेनवमीला चार दिवस उरले तेव्हा तिनं त्याला ऑफिसात बोलावलं.

"काका, अभिनंदन! यंदा पूजेला तुम्ही."

केरबा उभाच राहिला.

"बसा ना. मी गुरुजींशी बोललेय. ते म्हणाले, काही अडत नाही. शास्त्रात सोय आहे."

"कशाची सोय?"

मेघाला आता ते सांगणं अवघड झालं. तिनं टेबलावरचं स्टेपलर सरळ केलं. "म्हणजे... काकूंच्या जागी सुपारी. तुमच्या कमरेला खोचायची. मग चालतं म्हणाले."

"सुपारी."

"हो. बाहेरगावी वगैरे असल्या की तसंच करतात म्हणे."

केरबानं टेबलाच्या कडेला हात टेकला. मग म्हणाला, "मॅडम, एक काम करता का? माझा एक खाडा मांडा."

"कधीचा?"

"आषाढातला. एका मंगळवारी निघताना ती म्हणली, आज राहा घरी. म्या म्हणलं, का? म्हणली, काय नाय, उगंच. म्या म्हणलं, खाडा नाय करायचा ना औंदा? आन आलो कामाला. त्या दिवशी मला गैरहजर मांडा."

"पण काका, तुम्ही तर हजर होता."

"म्हणून तर म्हणतो."

मेघानं संगणकाचा पडदा त्याच्याकडं वळवला. वर्षाचे सगळे दिवस तिथं चौकोनात मांडलेले होते आणि सगळे हिरवेगार होते. तिनं आषाढातला तो चौकोन शोधला, दोनतीनदा दाबून बघितला. "महिना संपला की लॉक होतो, काका. मागचं उघडतच नाही."

"पुढचं मांडता येतंय का?"

"पुढचं येतं. रजेचा अर्ज द्यावा लागतो."

"मग खंडेनवमीची रजा द्या."

"त्याच दिवशी? अहो, मान तुमचा आहे! मग पूजेला कोण बसणार?"

"कृष्णाला बसवा. त्याच्या बायकोला सवय हाय."

तिनं अर्ज पुढं घेतला. "कारण काय लिहू?"

"घरी राहायचंय."

मेघानं 'वैयक्तिक' लिहिलं.

खंडेनवमीला केरबा घरी राहिला. कामाच्या दिवशी सकाळचं नऊचं ऊन आपल्या दारात कुठवर येतं, हे त्यानं कधी बघितलं नव्हतं. ते पार आतल्या कोनाड्यापर्यंत येत होतं. शेजारच्या आवडाबाईला दार उघडं दिसलं. ती कपात चहा घेऊन आली आणि उंबऱ्याशीच थांबली.

"भाऊजी, तुम्ही हितं? आज पूजा व्हती ना?"

"खाडा केला."

आवडाबाई मटकन खाली बसली. थोडा चहा सांडला. "खाडा केला? आन तिनं ज्याच्यापायी..." तिनं पदर तोंडाला लावला.

"ज्याच्यापायी काय?"

"काय नाय."

"बोल की."

"तिनं शपथ घातली व्हती मला." आवडाबाईनं डोळे पुसले. "दिवाळीपासून दुखत व्हतं तिचं. तुम्ही गेलं की हितं उंबऱ्यात पोट धरून बसायची. घंटा घंटा. म्या रोज म्हणायची, भाऊजीला सांग. तर म्हणायची, सांगितलं की ते खाडा करतील. एवढी खंडेनवमी होऊ दे."

"रविवार असतोय की," केरबा म्हणाला. त्याचा स्वर तक्रार केल्यासारखा लागला. "रविवारी नेलं असतं मी."

"म्या बी त्येच म्हणलं. तर म्हणली, डॉक्टरनं रविवारी भरती करून घेतलं तर सोमवारी ते काय करतील?"

बाहेर कुणीतरी ट्रॅक्टरला हार घालत होतं. पोरं ओरडत होती.

"एक दिवस लईच झालं तिला," आवडाबाई म्हणाली. "तवा तुम्हाला राहा म्हणली म्हणं. तुम्ही गेल्यावर मला म्हणली, बरं झालं गेले, माझी जीभ घसरली व्हती."

केरबानं चहाचा कप हातात घेतला. प्यायला नाही.

"लई हौस हो तिला. मला इचारायची, पूजेला बायकोनं कुठल्या अंगाला बसायचं? म्या म्हणलं, उजव्या. तिला काय ते पटंना. म्हणली, त्यायचं सगळं काम उजव्या हाताचं, मी मधी बसून अडचण कशाला करू?" आवडाबाईला रडताना हसू आलं आणि मग नुसतंच रडू आलं. "मंग आम्ही दोघी हितं बसून बघायचो. मी भाऊजी व्हायची. ती अंग चोरून बसायची. म्या म्हणायची, अगं नीट बस, मान तुझा बी हाय."

ती गेल्यावर केरबा कशाला तरी हात घालावा म्हणून उठला. लेक येऊन गेली होती. तिनं घर झाडून ठेवलं होतं, पाणी भरून ठेवलं होतं. घरात त्याला जमेल असं एकही काम शिल्लक नव्हतं. तो पुन्हा खाली बसला, आणि ऊन कोनाड्यातून निघून उंबऱ्याबाहेर जाईपर्यंत तसाच बसून राहिला.